बालीच्या बुडालेल्या जहाजावर ‘रील गॅरंटी’ विकणाऱ्या आपल्या मराठी टूरवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
बालीला डायव्हिंगचे ग्रुप नेणारे सगळे मराठी टूर आयोजक, ग्रुप लीडर आणि त्यांच्यासोबत जाणारे इन्स्ट्रक्टर,

नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात आली. बाली, ६ रात्री ७ दिवस, मराठी जेवण, मराठी ग्रुप लीडर. इथपर्यंत छानच. पण तिसऱ्या दिवसाच्या खाली लिहिलंय, “तुलांबेनला महायुद्धातल्या जहाजावर स्कूबा, पोहता येत नसलं तरी चालेल, जहाजाच्या आत शिरून रील गॅरंटी, मग संध्याकाळी किंतामणीला मुक्काम आणि पहाटे बातूर ज्वालामुखीचा ट्रेक.” ही जाहिरात वाचल्यापासून मला चैन नाहीये. कारण सप्टेंबरमध्ये मी बालीच्या किनाऱ्यावरच्या त्याच तुलांबेन गावात, त्याच जहाजापाशी होते आणि आपल्याच एका मराठी ग्रुपचं जे पाहिलं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हा गप्प बसले, परक्या गावात आपल्याच माणसांशी भांडण कशाला म्हणून, आणि त्याचं मला आता वाईट वाटतंय. कुणाचं नाव घेत नाही, कारण शोधायला बसले तर अशाच आणखी चार-पाच जाहिराती सापडल्या, म्हणजे प्रश्न एकट्या कुणाचा नाहीये.

मी कोण ते आधी सांगते. मी ठाण्याची, बँकेत नोकरी करते, वय ४६. पहिल्यांदा पाण्याखाली गेले ती तारकर्लीला, आणि वर आल्यावर होडीत बसून रडले होते इतकं ते आवडलं होतं. मग रीतसर कोर्स करायचं ठरवलं तर कळलं की आधी २०० मीटर पोहून दाखवायचं आणि १० मिनिटं पाण्यावर नुसतं तरंगून दाखवायचं. मला पोहता येत नव्हतं. चाळिशीत महापालिकेच्या तलावावर आठ महिने लहान पोरांच्या बॅचला शिकले, नंतर कोर्स केला, आणि पहिला मोठा प्रवास केला तो तुलांबेनचा. त्यानंतर पाच वेळा गेलेय. नवरा म्हणतो तुझं माहेर मालवण नाही, तुलांबेनच आहे.

ज्यांना हे जहाज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण तुमच्या ग्रुपमधल्या लोकांना गाडीत जे सांगितलं जात होतं ते मी किनाऱ्यावर ऐकलं आणि त्यातलं निम्मं खोटं होतं. जहाजाचं नाव ‘लिबर्टी’. पण ते ‘लिबर्टी शिप’ नव्हे. ‘लिबर्टी शिप’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात घाऊक बांधलेल्या मालवाहू बोटी, ही त्यांच्या बरीच आधीची, १९१८ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला बांधलेली. ११ जानेवारी १९४२ ला लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. विमानांनी बॉम्ब टाकले वगैरे काही नाही. आत रेल्वेचं सामान आणि रबर होतं, ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे चाललेलं. एका अमेरिकन आणि एका डच युद्धनौकेने दोर लावून तिला सिंगराजा बंदराकडे ओढत न्यायचा प्रयत्न केला, पण पाणी इतकं भरलं की शेवटी तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवावी लागली. माणसं वाचली होती हो. “इथे शेकडो सैनिकांचे आत्मे आहेत” असं तुमचा माणूस माइकवर सांगत होता, आणि मागे बसलेली एक लहान मुलगी घाबरून आईला बिलगली होती.

तर ती बोट २१ वर्षं किनाऱ्यावर पडून होती. मग १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला. ज्या डोंगराला बालीची माणसं देवाचं घर मानतात त्याच डोंगराने त्या वर्षी हजारावर माणसं नेली, आणि त्या हादऱ्यांमध्ये ही बोट किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेली आणि कुशीवर आडवी झाली. आज ती किनाऱ्यापासून जेमतेम ३०-४० मीटरवर आहे, सगळ्यात वरचा भाग पाचेक मीटर खोल आणि खालचा ३० मीटरच्या आसपास. होडी लागत नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. तिथले काळे गोल गोटे त्याच डोंगराचे. २०१७ ला आगुंग परत जागा झाला तेव्हा आजूबाजूच्या लाखावर लोकांना घरं सोडून छावण्यांत जावं लागलं होतं. म्हणजे गावाच्या दृष्टीने हे नुसतं जुनं जहाज नाहीये, ते डोंगर कोपला त्या वर्षाची खूण आहे. मी जिच्याकडे राहते त्या बाईची आई लहानपणी त्या किनाऱ्यावरच्या बोटीच्या सावलीत खेळायची. आपल्या गावच्या पारावर कुणी परका येऊन पाय ठेवून फोटो काढायला लागला तर आपल्याला कसं वाटेल, तेवढंच डोक्यात ठेवा.

आणि आत काय आहे ते सांगितल्याशिवाय माझं रडगाणं तुम्हाला कळणार नाही. पहाटे सहाला, वरती अजून नीट उजाडलेलं नसताना, आम्ही पाण्यात उतरतो. बंपहेड पॅरटफिश म्हणून मासा असतो, लहान पोराएवढा लांब आणि कपाळावर टेंगूळ, तो रात्री जहाजात झोपतो आणि पहाटे त्यांचा कळप एकामागोमाग एक बाहेर पडतो, शांतपणे, गुरं गोठ्यातून निघावी तसा. खाली काळ्या रेतीत गार्डन ईल, म्हणजे सापासारखे बारीक मासे, उभ्या असतात, भाताच्या रोपांसारख्या डुलत, आणि आपण दोन हात जवळ गेलो की सगळं शेत जमिनीत गडप. जहाजाच्या लोखंडावर आता जागा अशी उरलेलीच नाही, सगळीकडे प्रवाळ, स्पंज, आणि पंख्यासारखे पसरलेले सी फॅन, तेही एक जातीचं प्रवाळच. त्यातल्या एका सी फॅनवर माझ्या गाइडने मला पिग्मी सीहॉर्स, म्हणजे इवलासा समुद्रघोडा, दाखवला होता, करंगळीच्या नखाएवढा, गुलाबी, त्या फांदीच्या गाठींसारख्याच गाठी अंगावर. मला दिसायलाच चार मिनिटं लागली. तो त्याच फॅनवर राहतो, तोच त्याचा सगळा संसार.

सप्टेंबरमध्ये तो फॅन मधोमध मोडलेला होता. कसा मोडला ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या एका फॅनवर एक माणूस दोन्ही फिन्स टेकवून उभा असलेला मी पाहिला, आणि समोर तुमचा इन्स्ट्रक्टर कॅमेरा धरून त्याला “अंगठा दाखव” असं खुणावत होता. असा फॅन वर्षाला फार तर काही सेंटीमीटर वाढतो, म्हणजे तो ज्या फॅनवर उभा होता तो बहुतेक त्याच्या पोराबाळांपेक्षा वयाने मोठा असेल. माझ्या गाइडने पाठीवरच्या हवेच्या टँकवर लोखंडी कांडी आपटून आवाज केला, कुणी बघितलं नाही.

आता त्या दिवशी जे घडलं ते.

साडेदहाला तीन गाड्या आल्या. अठरा-वीस माणसं, आया-बाया, मुलं, सगळे मजेत, मला मराठी ऐकून खूप बरं वाटलं खरं तर. गाडीतच फॉर्म वाटले गेले होते. तो मेडिकल फॉर्म असतो, दमा आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, हृदयाचं काही झालंय का, कानाचं ऑपरेशन झालंय का. इंग्रजीत. मी शेजारीच गोट्यांवर बसले होते आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, ग्रुप लीडर म्हणाला, “सगळीकडे नो करा हो, नुसती फॉर्मॅलिटी आहे.” एक काकू म्हणाल्या मला बीपीची गोळी आहे, तर त्यांना सांगितलं “काकू येस लिहिलंत तर सोडणार नाहीत, पैसे परत मिळत नाहीत”. ब्रीफिंग म्हणाल तर सात-आठ मिनिटं, त्यातली अर्धी रीलचे पैसे वेगळे कसे भरायचे यावर. कान मोकळे कसे करायचे हे एकदा नाक दाबून दाखवलं, लोकांना समजलं का ते विचारलं नाही.

अकराच्या सुमारास मी माझ्या दुसऱ्या डाइव्हवर होते. जहाजाच्या मधल्या भागात, जिथे फासळ्या उघड्या पडल्यात आणि वरून ऊन खाली येतं, तिथे एक माणूस दिसला, हात-पाय सायकल मारल्यासारखे चाललेले, डोळे मास्कमध्ये एवढे मोठे. माझ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर १९ मीटर खोली दिसत होती. पहिल्यांदा डाइव्ह करणाऱ्याला १२ मीटरच्या खाली न्यायचं नाही हा नियम आहे, कोर्स केलेल्या माणसालाही सुरुवातीला १८ पर्यंतच. त्याचा इन्स्ट्रक्टर तीन मीटर वर, दुसऱ्या दोघांचं शूटिंग करत होता, पाठ या माणसाकडे. आणि मग त्या घाबरलेल्या माणसाने रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो ते तोंडातलं यंत्र, काढायला हात नेला. घाबरलेला माणूस हेच करतो, त्याला वाटतं तोंडात काहीतरी अडकलंय म्हणून श्वास येत नाहीये. माझा गाइड माझ्या आधी पोचला, त्याचा हात धरला, रेग्युलेटर तोंडावर दाबून ठेवला, डोळ्यात डोळे घालून नुसतं “हळू, हळू” असं हाताने करत राहिला. मी दुसऱ्या बाजूने त्याचा पट्टा धरला. आम्ही त्याला हळूहळू वर आणलं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवलं, ती तीन मिनिटं मला तीन तासांसारखी गेली. झपकन वर गेला असता आणि श्वास रोखला असता तर फुप्फुसं फाटतात, ही पुस्तकातली भीती नाहीये, असं होतं.

किनाऱ्यावर तो गोट्यांवर बसला आणि माझा हात सोडेना. “ताई, मला वाटलं संपलं.” एवढंच चार वेळा म्हणाला. चाळिशीचा, आपल्यासारखाच माणूस, वर्षभर पैसे साठवून कुटुंबाला घेऊन आलेला. त्याची मुलगी टॉवेल घेऊन आली आणि विचारते, बाबा मासे दिसले का? तो हो म्हणाला. त्याची काही चूक नव्हती, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आणि तुमचे लीडर आले, त्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, पहिल्यांदा होतं असं, जेवायला चला.

हा एकच प्रसंग असता तर एक चूक म्हणून सोडलं असतं. पण तक्रारी बऱ्याच आहेत, म्हणून एकेक मांडते.

जहाजाच्या आत शिरणं. लिबर्टी बरीच मोडलेली आहे आणि बऱ्याच ठिकाणी वरून आकाश दिसतं, म्हणून लोकांना वाटतं सोपं आहे. पण डोक्यावर लोखंड असेल तिथे जायला वेगळं ट्रेनिंग लागतं कारण काही झालं तर सरळ वर जाता येत नाही, आणि ६० वर्षांहून जास्त काळ खाऱ्या पाण्यात असलेलं लोखंड कधी सुटेल याचा नेम नाही. शिवाय आत सोडलेले बुडबुडे छताखाली अडकून बसतात, त्या हवेने गंज आणखी लवकर चढतो आणि तिथे चिकटलेले जीव पाण्याबाहेर पडल्यासारखे मरतात. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलजवळ यॉंगाला म्हणून जहाज आहे, १९११ च्या वादळात १२२ माणसांसकट बुडालेलं, तिथे आत शिरायला कायद्यानेच बंदी आहे आणि तरीही जगभरातून लोक तिथे जातात, बाहेरून बघतात, खूश होऊन परततात. मग आपल्यालाच आत शिरल्याशिवाय पैसे वसूल का होत नाहीत?

टँक उचलणाऱ्या बायका. तुलांबेनला टँक डोक्यावर घेऊन गोट्यांवरून नेणाऱ्या गावातल्या बायका आहेत, भरलेला टँक पंधरा किलोच्या वर जातो, आणि त्या दोन-दोन नेतात, पायात साधी स्लीपर. सगळे त्यांना इबू म्हणतात, म्हणजे आई. त्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात, दर ठरलेला असतो आणि तो इतका किरकोळ आहे की आपल्या ग्रुपचं नाश्त्याचं बिल त्याच्या कित्येक पट असेल. त्या दिवशी तुमच्या लीडरने त्यांना बाजूला करून ड्रायव्हरलाच टँक उचलायला लावले, आणि वर दोघींशी घासाघीस केली. त्यातली एक साठीच्या पुढची, ती नुसती हसून खाली बसली. मला त्या हसण्याची फार लाज वाटली, कारण तिला माहीत होतं की मी आणि ते एकाच गावचे.

स्थानिक गाइड न घेणं. इथून नेलेला इन्स्ट्रक्टर कितीही चांगला असला तरी त्या पाण्यातला प्रवाह कधी फिरतो, कुठला पत्रा सैल झालाय, हे त्याला वर्षातून दोनदा येऊन कसं कळणार. आपल्या मालवणला बाहेरचा कुणी आपला गाइड घेऊन आला आणि आपल्या पोरांना काम दिलं नाही तर आपण किती बोंब मारतो.

आणि सगळ्यात जास्त ज्याची मला भीती वाटते ते किंतामणी, म्हणजे बातूरजवळचा तो उंचावरचा डोंगराळ भाग. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन अंगात मुरतो, वर आल्यावर तो सावकाश निघून जायला तास लागतात. त्याआधी उंचीवर गेलं की दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही असं सांगतात. हे बहुतेकांना माहीत असतं. पण विमानातली हवा ही साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी असते, आणि किंतामणी दीड हजार मीटरच्या आसपास, बातूरचा माथा १७१७ मीटर. म्हणजे अकराला डाइव्ह, चारला किंतामणी, हे जवळपास विमानात बसवण्यासारखंच झालं, फक्त तिकीट काढलेलं नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सांधे दुखले, हाताला मुंग्या आल्या तर माणूस म्हणेल दमलो असेन, आणि पहाटे दोनला त्याला उठवून डोंगर चढायला लावणार. तुमच्या जाहिरातीतला तिसरा आणि चौथा दिवस उलटा केला, आधी डोंगर मग समुद्र, तर एक रुपया जास्त लागत नाही. एवढं साधं आहे हे.

आता मला काय हवंय ते सरळ लिहिते.

पहिलं, जाहिरातीतून “जहाजाच्या आत” हे शब्द आजच काढा. नवशिक्यांना नेऊच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट लिबर्टी त्यांच्यासाठी फार चांगली आहे, कारण पाच ते दहा मीटरवरच जहाजाचा वरचा भाग दिसतो, मासे तर तिथेच जास्त. पण १२ मीटरपेक्षा खोल नाही, आणि जो इन्स्ट्रक्टर माणसं सांभाळतोय त्याच्या हातात कॅमेरा नको. शूटिंग करायचंय तर वेगळा माणूस ठेवा, त्याचे पैसे लावा, लोक देतील.

दुसरं, मेडिकल फॉर्म मराठीत द्या, आणि तो गाडीत नाही तर बुकिंगच्या वेळी घरी द्या म्हणजे माणूस आपल्या डॉक्टरला दाखवेल. आणि ज्याला डॉक्टर नको म्हणतील त्याला डाइव्हचे पैसे परत. भाषांतर मी करून देते, फुकट, एका डायव्हर डॉक्टर मैत्रिणीकडून तपासून, ज्याला पाहिजे त्याने वापरा.

तिसरं, तुलांबेनचे गाइड आणि इबूंचे दर खर्चात धरा, तिथे जाऊन घासाघीस करू नका. जमलं तर एक रात्र गावात राहा. दक्षिणेकडून तीन तास गाडीने येणारे सगळे दहा ते दोनमध्ये एकदम पाण्यात असतात, म्हणून गर्दीत काही दिसत नाही. पहाटेची डाइव्ह तुमच्या लोकांना एकदा दाखवा, ते तुम्हाला जन्मभर विसरणार नाहीत.

चौथं, डाइव्हनंतर १८ तास ना विमान ना डोंगर, आणि हे प्रोग्रॅममध्ये छापा.

पाचवं, हातमोजे देऊ नका, हातात मोजे असले की माणूस सगळं धरत सुटतो. कशाला हात नाही, कशावर पाय नाही, आणि काही उचलायचं नाही.

उचलण्यावरून शेवटचं. त्या दिवशी एकाने किनाऱ्यावर आल्यावर बीसीडीच्या, म्हणजे डायव्हिंगच्या हवेच्या जॅकेटच्या, खिशातून तळहाताएवढा गंजका तुकडा काढून सगळ्यांना दाखवला होता, एका बाजूला पांढरं प्रवाळ चिकटलेलं आणि रिव्हेटचं गोल भोक अजून स्पष्ट दिसत होतं. टाळ्या वाजल्या. तो तुकडा आता महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी शोकेसमध्ये असेल. त्या ग्रुपच्या लीडरना माझी विनंती आहे की तुमच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत, त्या माणसाला हे पत्र पाठवा. मी त्याचं नाव विचारणार नाही, कुठे लिहिणार नाही. जानेवारीच्या शेवटी मी परत तुलांबेनला जातेय, तोपर्यंत तो माझ्यापर्यंत पोचवा, मी नेऊन माझ्या गाइडच्या हातात देईन, तो कुठला आहे आणि कुठे ठेवायचा हे त्याला बरोबर माहीत असेल.

आपली,
ठाण्याची एक डायव्हर